अठ्ठावीस दिवसांचा महिना

माझ्या दुकानात दोन कालनिर्णय टांगलेली असतात. एक घरचं. त्यावर दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, चतुर्थी, पोरांच्या परीक्षा. दुसरं गिऱ्हाइकांचं. त्यावर मी निळ्या पेनानं नावं लिहिते. कोणाचं रिचार्ज कोणत्या दिवशी पुन्हा मारायचं, त्या चौकटीत त्याचं नाव.

ही नावं एका जागी राहत नाहीत. जानेवारीच्या 1 तारखेला रिचार्ज मारलेल्या माणसाचं नाव पुन्हा 29 जानेवारीला येतं. मग 26 फेब्रुवारीला, 26 मार्चला, 23 एप्रिलला, 21 मेला. असं मागं मागं सरकत ते डिसेंबरात दोनदा येतं, 3 तारखेला आणि 31ला. अठ्ठावीस दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. तेरा गुणिले अठ्ठावीस तीनशे चौसष्ट. पगारदार माणसाला ही सरक फारशी जाणवत नसेल. माझं गिऱ्हाईक मात्र काउंटरवर हात ठेवून विचारतं, "बाई, मागच्या महिन्यात पंधराले मारलो होतो ना? आज तं बाराच तारीख हाय." मी कालनिर्णय दाखवते, बोटानं दिवस मोजून दाखवते. तो मान हलवतो, पण त्याला पटलेलं नसतं. महिना म्हणजे तीस दिवस, हे तो बरोबरच धरून आलेला असतो.

दूरसंचार नियामक ट्रायनेही हे मानलं. 27 जानेवारी 2022च्या आदेशाने प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचा किमान एक पॅक आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा एक पॅक ठेवणं बंधनकारक झालं. असे पॅक आहेत. पण दुकानात येणारा माणूस यादी वाचत नाही, 'नेहमीचं मार' म्हणतो, आणि नेहमीचं म्हणजे अठ्ठावीसचं.

माझं दुकान धानोऱ्यात आहे, गडचिरोलीहून मुरूमगावकडे जाणाऱ्या रस्त्याला. पुढे गेलं की छत्तीसगड लागतं. सासऱ्यांनी 1999मध्ये इथं एसटीडी-पीसीओचा बूथ टाकला होता. पिवळी पाटी, काचेची खोली, लाल आकडे पळणारं मीटर. मी लग्न होऊन सिंदेवाहीहून इथं आले तेव्हा लोक बूथबाहेर बाकावर बसून फोनची वाट बघायचे. पुढे खरडायची कूपनं आली, मग दहा रुपयांचा टॉपअप, आता सगळं ॲपवर. आज शंभराच्या रिचार्जमागे मला दोन-तीन रुपये सुटतात. त्यावर घर चालत नाही. झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन फॉर्म यांवर चालतं. पण माणसं येतात ती रिचार्जसाठीच, आणि त्यांचा राग आधी माझ्या काउंटरवर उतरतो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक म्हातारेबाबा आले. बटणांचा फोन, मागचं झाकण रबरानं बांधलेलं. तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता, बोटं हिरवी-काळी झालेली. सत्तर पानांचा एक पुडा असतो. दिवसभर पुडे बांधून ते संकलनाच्या फळीवर देऊन सरळ दुकानात आले होते. मुलगा आणि सून मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. गडचिरोली आणि चंद्रपूर या आमच्या दोन्ही जिल्ह्यांतून उन्हाळ्याच्या तोंडाला कितीतरी घरं मिरचीला जातात. ते अजून परतले नव्हते आणि आठ दिवसांपासून मुलाचा फोन लागत नव्हता. मी पाहिलं, बाबांच्या कार्डाची मुदत संपलेली. इनकमिंग बंद.

"मी तं कोनाले फोन लावतच नाई," बाबा म्हणाले. "पोरगाच लावते. त्याचे पैसे तो भरते. मंग मी काहून भराचे?"

याचं उत्तर मला आजही एका वाक्यात देता येत नाही. 31 जुलै 1995ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, तेव्हा आलेल्या फोनलाही मिनिटामागे पैसे पडत. 2003मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि फोन गरिबाच्या हातात खऱ्या अर्थानं तेव्हा आला. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने फोन फक्त घ्यायचा, किंवा मिस कॉल द्यायचा. त्या काळी फोन लावणाऱ्याची कंपनी फोन घेणाऱ्याच्या कंपनीला मिनिटामागे ठरावीक पैसे द्यायची. म्हणजे बाबांसारख्या फक्त ऐकणाऱ्या गिऱ्हाइकापासूनही त्यांच्या कंपनीला मिळकत होती. ही रक्कम 1 ऑक्टोबर 2017ला 14 पैशांवरून 6 पैशांवर आली आणि 1 जानेवारी 2021पासून शून्य झाली. फक्त फोन घेणारा माणूस कंपनीच्या वहीत खर्चाच्या बाजूला गेला. ही रक्कम 6 पैशांवर आलेली असतानाच, 2018च्या शेवटी, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने अठ्ठावीस दिवसांना किमान 35 रुपयांचं रिचार्ज लावलं होतं. तेव्हा ट्रायने कंपन्यांना सांगितलं की ग्राहकाला आधी स्पष्ट कळवा. पण ज्याला वाचता येत नाही त्याला मेसेज पाठवून कळवणं म्हणजे काय, हे बाबांकडे बघून समजतं. त्यांच्या फोनमध्ये न उघडलेले दोनशेच्या वर मेसेज होते.

मला या गोष्टीचा जास्त त्रास होतो, त्याला कारण आहे. 2005च्या शेवटी लाइफटाइम कार्डं आली. हजाराच्या आसपास एकदाच भरा, इनकमिंग कायमचं. ती मी विकली. 'कायमचं' हा शब्द मी माझ्या तोंडानं उच्चारला आहे, धानाचे पैसे हातात घेऊन आलेल्या माणसांसमोर. कायमचं म्हणजे कंपनीचा परवाना असेपर्यंत, असं बारीक अक्षरात होतं. ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यातले काही जण कार्ड बंद पडल्यावर माझ्याकडे आले, काही आले नाहीत. न आलेल्यांचीच आठवण जास्त येते.

आता नेटचं सांगते.

सुरुवातीला नेट किलोबाइटवर मोजलं जायचं. 10 केबीला 10 पैसे. वाटायला किरकोळ, पण त्या भावानं 1 जीबी वापरला असता तर दहा हजारांवर बिल गेलं असतं. तेव्हा जीबी कोण वापरत होतं म्हणा. 5 सप्टेंबर 2016ला जिओ सुरू झालं आणि सगळा बाजार बदलला. 2014मध्ये कंपन्यांना एका जीबीमागे सरासरी 269 रुपये मिळत होते, ते 2018मध्ये बारा रुपयांच्या आत आले. हा ट्रायचा आकडा आहे आणि तो खोटा नाही. पण त्याच वेळी एक नवी मोजणी आली: रोजची. रोज 1 जीबी, रोज दीड जीबी. रात्री बारा वाजता उरलेलं पुसलं जातं आणि नव्यानं भरतं.

माझ्याकडे एक मुलगी यायची, बारावीची. गाव आत, जंगलात. तिच्या गावात सिग्नल नाही, गावापासून रस्त्याच्या चढावर एका मोहाच्या झाडाखाली मिळतो. गावातले सगळे तिथंच जाऊन फोन लावतात. ती आठवड्यातून दोनदा वडिलांबरोबर तिथं जायची, व्हिडिओ डाउनलोड करून घरी आणायची आणि मग अभ्यास. तिचा पॅक 299चा होता, रोज दीड जीबी, अठ्ठावीस दिवस. म्हणजे एकूण 42 जीबी. एकदा मी तिच्या फोनची सेटिंग उघडून वापर पाहिला. महिन्याभरात तीन जीबीसुद्धा पुरे झाले नव्हते. आणि तरी ती मला म्हणत होती, "ताई, नेट पुरत नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. झाडाखाली सिग्नल नीट मिळाला अशा एखाद्या दिवशी दीड जीबी संपायचं आणि वेग 64 केबीपीएसवर यायचा. या वेगानं एक एमबीचा साधा फोटो उतरायला दोन मिनिटांवर लागतात, व्हिडिओचं तर नावच नको. उरलेले वीस-बावीस दिवस ती घरी, सिग्नलविना. त्या प्रत्येक दिवसाचं दीड जीबी मध्यरात्री वाया. 299ला 42 जीबी म्हणजे जीबीला सात रुपये. तिच्या वाट्याला आलेल्या तीन जीबीचा हिशेब केला तर जीबीला शंभर रुपये. नागपूरच्या मुलाला सात आणि मोहाच्या झाडाखालच्या मुलीला शंभर, पॅक एकच.

कंपन्यांची बाजूही मला समजते. टॉवर म्हणजे पाण्याच्या टाकीसारखा असतो. त्याची एका वेळची ताकद ठरलेली, ती त्या क्षणी जोडलेल्या सगळ्यांत वाटली जाते. सगळ्यांनी महिन्याचं नेट पहिल्या चार दिवसांत ओढलं तर टॉवर कोलमडेल, म्हणून रोजचा बांध. शहरातल्या टॉवरला हे लागू पडत असेल. पण जिथं माणूस आठवड्यातून दोनदाच टॉवरच्या टप्प्यात येतो तिथं रोजचा बांध घालून कोणाची गर्दी टळते? तिला हवे होते महिन्याचे पाच-सहा जीबी एकगठ्ठा, हवे तेव्हा वापरायला. रोजची मर्यादा नसलेले पॅक आहेत, पण छोट्या किमतीत 2 जीबीवर थांबतात. वर्षाचा 24 जीबीचा एक पॅक 2024मध्ये होता, त्याला एकदम दोन हजार मोजावे लागायचे.

लोक विचारतात, चार दांड्या दिसतात आणि नेट का चालत नाही? दांड्या फक्त टॉवरचा आवाज किती मोठा ऐकू येतो ते सांगतात. टॉवरच्या मागे रस्ता केवढा आहे, ते त्यांना माहीत नसतं. टॉवरला डेटा आणून देणारी तार म्हणजे फायबर, नाहीतर टॉवर ते टॉवर मायक्रोवेव्ह, नाहीतर उपग्रह. आमच्याकडे रस्त्याचं काम निघालं की जेसीबी फायबर तोडतो, आणि मग दांड्या चार असूनही फोन मुका. त्यात जंगलाचं स्वतःचं गणित आहे. ओलं पान लहरी शोषून घेतं. उन्हाळ्यात साग उघडा असतो तेव्हा जिथं सिग्नल मिळतो, तिथंच आषाढात, पानं तळहाताएवढी झाली की मिळत नाही. 900 मेगाहर्ट्झच्या लहरी झाडीतून लांब जातात, 2300च्या लवकर दमतात. जुन्या 2जीवर बोलणं व्हायचं पण 4जी येत नाही, असं ज्या गावांत होतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

नक्षलग्रस्त भागांसाठी केंद्राने 2014मध्ये योजना मंजूर केली आणि तिच्यातून बीएसएनएलने वेगवेगळ्या राज्यांत 2,343 टॉवर उभारले. सौर पॅनेलवर चालणारे, 2जीचे. आमच्या जिल्ह्यातही ते आले. त्याआधी आणि नंतरही टॉवर जाळल्याच्या बातम्या आम्ही वाचल्या, काही आम्ही जवळून ऐकल्या. एप्रिल 2022मध्ये हे टॉवर 4जी करायला मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये देशभरातल्या 24,680 गावांत 4जी पोचवण्याची 26,316 कोटींची योजना मंजूर झाली. काम होतंय, मी स्वतः पाहतेय. पाच वर्षांपूर्वी अंधारात असलेल्या गावांतून आता मला व्हिडिओ कॉल येतात. पण सौर टॉवर सूर्यावर अवलंबून. सलग चार दिवस झड लागली की बॅटरी उतरते. नेमकी तेव्हाच भामरागडला पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागते, तालुक्याचा संपर्क तुटतो, आणि नेमकी तेव्हाच फोनची गरज सगळ्यात जास्त असते.

त्या दिवसांचे पैसे परत मिळतात का? 2024च्या ऑगस्टमध्ये ट्रायने सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. सेवा जिल्हा पातळीवर चोवीस तासांहून जास्त बंद राहिली तर प्रीपेड ग्राहकाची मुदत वाढवून द्यायची, असं त्यात आहे. वाचून मला आनंद झाला. मग 'जिल्हा' या शब्दावर अडखळले. गडचिरोली जिल्हा 14,412 चौरस किलोमीटरचा आहे. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून सहाशेच्या आसपास. भामरागड आठ दिवस बंद पडलं तरी गडचिरोली शहर, देसाईगंज, आरमोरी चालूच असतात. जिल्हा बंद पडत नाही, तालुका पडतो. शिवाय नैसर्गिक आपत्तीत ही सवलत लागू नाही, आणि आमचं बंद पडणं बहुतेक पुरातलंच. नियम ज्याच्यासाठी सगळ्यात गरजेचा, त्याच्याच दारातून तो परत जातो. मोजणी तालुक्यावर आणली पाहिजे, किमान टॉवरवर. कोणता टॉवर किती तास बंद होता याची नोंद कंपनीकडे असतेच.

फोन ही आता चैन उरलेली नाही, हे इथं रोज दिसतं. रोजगार हमीच्या कामावर 1 जानेवारी 2023पासून हजेरी ॲपवर लावायची असते, दिवसातून दोन वेळा फोटोसकट. रोजगार सेवक सिग्नल शोधत बांधावर चढतो. 2024च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि दुकानासमोर बाया रांगेत उभ्या राहिल्या. त्याच आठवड्यात, 3 आणि 4 जुलैला, तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा 239चा पॅक 299ला गेला, एअरटेलचा सगळ्यात साधा पॅक 179वरून 199ला. योजनेचे पंधराशे अजून यायचे होते, वीस आणि साठ आधीच गेले.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर 2025मध्ये, त्याच योजनेची ई-केवायसी आली. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो, तो टाकायचा. एक बाई आली, जोडलेला नंबर तिच्या नवऱ्याचा, आणि तो वर्षभर रिचार्जविना. नव्वद दिवस नंबर वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून तीस दिवस आणखी धरून ठेवायची सोय आहे, पण ते वीस रुपये ठेवायला माहीत तर पाहिजे. मी त्या नंबरवर फोन लावला. पलीकडून तिसऱ्याच जिल्ह्यातला अनोळखी आवाज आला. नंबर दुसऱ्याला गेला होता. बाईचा ओटीपी त्या माणसाच्या फोनवर जाणार होता. आधारमध्ये नंबर बदलण्यासाठी तिला गडचिरोलीला जावं लागलं, एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं घालवून.

दरवाढीनंतर त्या जुलैत लोक बीएसएनएलकडे धावले. देशभरात त्या एका महिन्यात बीएसएनएलचे 29 लाखांवर ग्राहक वाढले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे कमी झाले. माझ्याकडेही कंपनी बदलायला रोज कोणी ना कोणी PORT लिहून 1900वर मेसेज पाठवायला सांगायचं. आलेला कोड चार दिवस चालतो, म्हणून मी तो वहीत लिहून द्यायची. काहींना फायदा झाला, विशेषतः ज्यांच्या गावात बीएसएनएलचाच टॉवर होता त्यांना. काही दोन महिन्यांत परतले, कारण तेव्हा तिथं 4जी नव्हतं. 27 सप्टेंबर 2025ला बीएसएनएलच्या देशी 4जीचं उद्घाटन झालं, तेव्हापासून पुन्हा विचारणा वाढली आहे. मी सगळ्यांना एकच सांगते: आधी शेजाऱ्याच्या फोनवर तुझ्या घरात, तुझ्या वावरात सिग्नल बघ, मग पोर्ट कर. स्वस्त पॅक गडचिरोलीत स्वस्त असतो, गावात नसतो.

माझी धाकटी बहीण जिवतीच्या पहाडावर दिली आहे, चंद्रपूरच्या टोकाला. तिथं सीमेवरच्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. फोनवर कधी इकडचा टॉवर, कधी तिकडचा. आता रोमिंगचे पैसे पडत नाहीत. पण जुन्या काळी माणूस स्वतःच्या अंगणात बसून परराज्यात असायचा आणि आलेल्या फोनला पैसे कापले जायचे. बीएसएनएलने जून 2015मध्ये रोमिंगमधलं इनकमिंग फुकट केलं, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं.

डिसेंबर 2024मध्ये ट्रायने बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिलं. नेट नको असणाऱ्यांसाठी फक्त बोलणं आणि मेसेजचे पॅक ठेवा, असा नियम आला, आणि अशा पॅकची मुदत 90वरून 365 दिवसांपर्यंत नेता येईल असंही ठरलं. जानेवारी 2025मध्ये जिओने 448ला 84 दिवस, एअरटेलने 469ला 84 दिवस आणि 1849ला वर्ष असे पॅक आणले. दिवसाला पाच-साडेपाच रुपयांच्या आसपास. 199च्या पॅकला दिवसाला सात पडतात. म्हणजे बचत आहे. पण अठ्ठावीस दिवसांचा, शंभर-सव्वाशेचा बोलण्याचा पॅक त्यांनी आणला नाही. बाबांसाठी 448 एकदम काढणं मेमध्ये शक्य आहे, तेंदूचे पैसे आलेले असतात. दिवाळीनंतर धान विकल्यावर शक्य आहे. ऑगस्टमध्ये नाही. आमच्याकडे पैसा हंगामानं येतो, सिग्नल जागेनं मिळतो, आणि रिचार्ज दिवसांनी संपतं. या तीन गोष्टींचा मेळ बसवणारा पॅक मला अजून विकायला मिळालेला नाही.

तो मेळ मी माझ्या परीनं बसवते. तेंदूचे पैसे आले की म्हाताऱ्यांना 84 दिवसांचं बोलण्याचं मारून देते. मेच्या शेवटी मारलं की पोळ्याच्या सुमारापर्यंत जातं, पाऊस निभतो. पोरांना व्हॉट्सॲपचं आपोआप उतरणं बंद करून देते, व्हिडिओ 480वर आणून देते.

तक्रारीचं मात्र मला जमत नाही. एकदा एका आजीच्या खात्यातून दर महिन्याला तीस रुपये जायचे, कॉलर ट्यूनचे. आजीला ट्यून म्हणजे काय ते माहीत नव्हतं, कधीतरी चुकून बटण दाबलं असेल. कंपनीच्या 198वर फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, हिंदीसाठी तमुक दाबा. आजी गोंडी बोलते, मराठी तुटकं. गोंडीसाठी कोणतंच बटण नव्हतं. माणसाशी बोलायला अकरा मिनिटं लागली, आणि त्या माणसाला आजीचं म्हणणं आजीच्याच तोंडून ऐकायचं होतं. मी मध्ये बोलले तर चालणार नव्हतं. आजी फोन कानाला लावून गप्प उभी राहिली, मग फोन माझ्या हातात देऊन बाहेर गेली. गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारी माणसं थोडीथोडकी नाहीत. त्यांच्या रिचार्जवरही तोच अठरा टक्के जीएसटी आहे. 299मधले साडेपंचेचाळीस रुपये त्यात जातात. दूरसंचार कंपन्यांच्या मिळकतीतला पाच टक्के हिस्सा दुर्गम भागात सेवा पोचवण्याच्या निधीत जातो, ज्याचं आता डिजिटल भारत निधी असं नाव आहे. त्यातही आजीचे पैसे आहेत. त्यातून तिच्या भाषेतलं एक बटण आणि तिचं ऐकून घेणारा एक माणूस मिळायला हवा.

ज्यांना लढायचं आहे त्यांना मी वाट सांगते. 198वर तक्रार करा, डॉकेट नंबर लिहून घ्या, त्याशिवाय फोन ठेवू नका. समाधान झालं नाही तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा, त्याने 39 दिवसांत निकाल द्यायचा असतो. आणि तेही नको असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, चंद्रपूरलाही आणि गडचिरोलीलाही. दूरसंचाराच्या तक्रारी तिथं चालत नाहीत असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. 16 फेब्रुवारी 2022ला सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात निकाल दिला की चालतात. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. आजीचे तीस रुपये परत मिळाले नाहीत. ट्यून मात्र बंद झाली, 155223वर. ती वाट मला तेव्हा दुसऱ्या दुकानदारानं सांगितली.

बाबांचा मुलगा त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात सुखरूप आला. मुदत संपल्यामुळे आठ दिवस त्याला वाटत होतं बापाला काही झालं, आणि बापाला वाटत होतं पोराला काही झालं. आता बाबांचं नाव माझ्या कालनिर्णयावर 84 दिवसांनी येतं. शेवटचं 27 मेला मारलं, म्हणजे 18 ऑगस्टला संपेल. 19च्या चौकटीत मी ते दोनदा अधोरेखित केलं आहे. तेव्हा झड असेल, बाबांच्या गावचा टॉवर झोपलेला असेल, म्हणून मी 12च्या चौकटीतही एक खूण केली आहे. त्या दिवशी बाजाराला त्यांच्या गावचं कोणीतरी येईल, त्याच्या हाती निरोप देईन.